आधी गिंप शिक, बाकीचं नंतर
अरे फोटो एडिटिंग शिकायला लगेच पैसे भरून कुठलं सॉफ्टवेअर घेऊ नकोस, गिंप हे फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, १९९६ पासून चालू आहे आणि सुरुवातीला लागतं ते सगळं त्यात मिळतं. तुझा तो ठाण्याच्या तलावपाळीचा संध्याकाळचा फोटो घे ना, पाणी काळं पडलंय तो, आणि सगळ्यात आधी लेयर, म्हणजे फोटोचा थर, डुप्लिकेट कर, ओरिजिनलला हात लावायचाच नाही. मग कलर्स मेनूमध्ये लेव्हल्स उघड, त्याने फोटोचा उजेड-अंधार बदलता येतो, मधला त्रिकोण हळूच डावीकडे सरकव, बघ बोटी कशा दिसायला लागतात!! सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, मात्र जपून वाढव. आणि काम चालू असेपर्यंत फाइल एक्ससीएफमध्येच, म्हणजे गिंपच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्येच ठेव, जेपेग उघडून परत परत सेव्ह केला की क्वालिटी जाते, माझे उपवन तलावाचे कितीतरी फोटो असेच गेले, अजून वाईट वाटतं.