मार्चमध्ये पुण्याहून दिवेआगर ते वेंगुर्ला, नातेवाइकांकडे मुक्काम करत सागरी मार्गाने गाडीने जायचं आहे. आठ दिवस आहेत, सोबत सत्तरीची आई. बेत कसा आखावा?

तुम्ही लिहिलेले मुक्काम असे: दिवेआगरला मावशी, दापोलीजवळ मुरुडला मित्र, गुहागरला आत्या, रत्नागिरीत मैत्रीण आणि वेंगुर्ल्याला काका. आठ दिवसांत हे बसतं, पण किलोमीटर मोजून बेत करू नका. या रस्त्यावर दिवस दोन गोष्टी ठरवतात: वाटेतल्या खाड्या आणि ज्यांच्या घरी जाणार त्यांची जेवणाची वेळ. एका दिवसात एक घर जेवणाचं आणि एक चहाचं, एवढंच धरा. दुसऱ्या घरी 'फक्त भेटून निघतो' म्हणालात तरी पान वाढलेलंच असतं.

तारखा पक्क्या करण्याआधी शिमगा कधी आहे ते पाहा. रत्नागिरी जिल्ह्यात काही गावांचे तेरसे, म्हणजे त्रयोदशीचे शिमगे असतात, काहींचे भद्रेचे, म्हणजे पौर्णिमेचे. आणि ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरण्याचे दिवस तर प्रत्येक गावात, प्रत्येक वाडीत वेगळे. आत्याला फोन करून एकच प्रश्न विचारा: 'तुमच्याकडे पालखी कधी?' त्या दिवशी मुद्दाम पोहोचा किंवा तो दिवस पूर्ण टाळा. पालखीच्या आदल्या दिवशी घरात सारवणं, झाडणं चाललेलं असतं आणि मुंबईकर चाकरमानी आधीच आलेले असतात, त्यात तुमची चार माणसं म्हणजे यजमानांची पंचाईत. शिमग्याच्या आठवड्यात मुंबई-गोवा महामार्ग आणि पेट्रोल पंप दोन्ही तुंबतात. गर्दी नको असेल तर गुढीपाडव्यानंतरचा आठवडा बरा. ऊन वाढतं खरं, पण घरं रिकामी होतात आणि गप्पा मारायला माणसं मोकळी असतात.

पहिला दिवस ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन, दिवेआगर. पाच तास धरा. शनिवारी सकाळी माणगावात महामार्गावर अडकायला होतं, म्हणून शुक्रवारी किंवा पहाटे निघा.

दुसरा दिवस सगळ्यात देखणा आणि सगळ्यात फसवा. दिवेआगरहून श्रीवर्धनला आतल्या रस्त्याने न जाता आरावी-शेखाडीच्या किनाऱ्याने जा. पुढे हरिहरेश्वर, बागमांडला, फेरीबोटीने वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड. अंतर शंभरेक किलोमीटर, वेळ सहा तास. सरासरी ताशी पंचवीस-तीसच्या वर जात नाही: दर दोन वळणांनी वाडी, गुरं, समोरून एसटी आणि दोन्ही बाजूंना दगडी गडगे. नकाशात मुरुड टाकताना 'दापोली' लिहायला विसरू नका. नुसतं मुरुड टाकलं की जंजिऱ्याच्या मुरुडकडे, म्हणजे उलट्या दिशेला वाट दाखवली जाते. वेळासही दोन आहेत, एक दिवेआगरजवळ आणि एक बाणकोटजवळ. कासवांचं वेळास ते दुसरं. पिल्लं समुद्रात सोडतात ती सकाळी लवकर आणि संध्याकाळी, त्यामुळे प्रवासाच्या दिवशी वाटेत पाहून होईल अशी आशा धरू नका. त्यासाठी तिथेच मुक्काम हवा.

आता फेरीबोटीबद्दल, कारण इथेच बहुतेकांचा बेत मोडतो. तुमच्या वाटेवर तीन आहेत: बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. पाणी ओलांडायला थोडीच मिनिटं लागतात. वेळ जातो तो रांगेत. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, म्हणून आदल्या रात्री यजमानांकडून खात्री करून घ्या. शेवटच्या फेरीवर कधीही विसंबू नका. दाभोळची फेरी चुकली तर खेड-चिपळूणमार्गे सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा वळसा पडतो. बागमांडल्याची चुकली तर आंबेत पुलाकडून जाण्यात अर्धा दिवस जातो. तवसाळचं तेवढं दुखणं नाही: आबलोलीकडून भातगाव पुलावरून जाकादेवीला निघता येतं. मोबाइलच्या नकाशात 'फेरी टाळा' हा पर्याय चालू राहिला असेल तर तो तुम्हाला गुपचूप आत महामार्गाकडे नेतो. निघण्याआधीच तो बंद करा. रोख आणि सुटे पैसे जवळ ठेवा.

गाडी चढवताना ओहोटी असली की उतार जास्त तीव्र होतो आणि धक्क्यावर शेवाळ असतं. बसक्या गाडीचा पुढचा बंपर तिथेच घासतो. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धवट न दाबता, सरळ रेषेत चढवा. थांबून पुन्हा उचलायला गेलात की चाकं घसरतात. बोटीवरचा माणूस हाताने खुणा करतो, त्याचंच ऐका. कधी गाडी उलटी घ्यायला लावतात. बोटीत गिअर टाकून हँडब्रेक ओढा. आईंना त्या उतारावरून चालवू नका, चढताना त्यांना गाडीतच बसू द्या.

ओहोटी कधी हे कळायला अॅप लागत नाही. जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा, सकाळी आणि रात्री दोन्हीकडे ढोबळमानाने तेवढेच. त्यात सहा तास मिळवा की पूर्ण ओहोटी. म्हणजे होळीच्या आसपास उधाणाची भरती दुपारी आणि खोल ओहोटी पहाटे व संध्याकाळी पाच-सहाला. धक्का सगळ्यात उघडा पडतो तो नेमका संध्याकाळच्या फेरीला. हाच हिशेब हरिहरेश्वरला लावा. तिथली डोंगराभोवतीची प्रदक्षिणा पायऱ्या उतरून समुद्रातल्या खडकांवरून जाते आणि ती फक्त ओहोटीत करायची असते. पाणी चढत असताना खाली उतरू नका. आईंनी वरूनच दर्शन घ्यावं, पायऱ्या अरुंद आणि उंच आहेत.

तिसऱ्या दिवशी घाई नको. हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव बघा, दुपारची वामकुक्षी मित्राकडेच आटपा आणि चारला निघून दाभोळमार्गे गुहागर गाठा. दोन-अडीच तास. कोकणात दुपारी एक ते चार कोणाच्या दारात न सांगता उभं राहू नये. कोणी बोलून दाखवत नाही, पण घर झोपलेलं असतं.

चौथा दिवस हेदवी, तवसाळ, जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. आरे-वारेच्या उतारांवर ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. दुसऱ्या गिअरवर गाडी सोडा, नाहीतर खाली पोहोचेपर्यंत जळका वास येतो.

पाचवा दिवस लांबचा: भाट्ये पूल, पावस, आडिवरे, जैतापूर, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण. सकाळी सातला निघा. या पट्ट्यात उघडे कातळ सडे, म्हणजे खडकाळ पठारं आहेत, सावली नाही, आणि मार्चमध्ये वणवे लागलेले असतात. धूर रस्त्यावर आला तर काचा वर, दिवे चालू, वेग कमी. टाकी रत्नागिरीतच भरा. एकूणच नियम असा की तालुक्याचं गाव आलं की अर्धी टाकी असली तरी भरायची. सीएनजीवर अवलंबून निघू नका. मालवणला मुक्काम केलात तर सहाव्या दिवशी कर्ली खाडीचा पूल ओलांडून परुळेमार्गे वेंगुर्ला जेवणाच्या वेळेत येतं. सातवा दिवस काकांचा.

रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या पुलांची आणि रुंदीकरणाची कामं निघाली आहेत. वळणरस्ते महिन्यागणिक बदलतात, त्यामुळे नकाशापेक्षा समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाला विचारा.

घरांबद्दल. मार्चमध्ये विहिरींचं पाणी खाली गेलेलं असतं आणि बऱ्याच वाड्यांत नळ एक दिवसाआड येतो. कपडे धुवायचे ते रत्नागिरीत, गावातल्या घरी नव्हे. गाडी दारात जाते का हे आधी विचारा. अनेक घरांना रस्त्यापासून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट उतरून जावं लागतं, आणि आईंच्या गुडघ्यांना शंभर पायऱ्या म्हणजे शिक्षा. गाडी नारळाखाली लावू नका, झावळी पडली तरी टपावर खड्डा पडतो. वाळूवर तर अजिबात नको: चाक रुतलं की भरती थांबत नाही. मासे खायचे असतील तर बुधवार, शुक्रवार, रविवार यजमानांकडे पडतील असं बघा. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी अनेक घरांत शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण असतं, आणि तुमच्यासाठी त्यांनी नियम मोडावा असं वाटायला लावू नये.

भेट म्हणून कोकणातल्या माणसाला कोकम किंवा नारळ देऊ नका. पुण्याहून बाकरवडी चालते. त्याहून चांगलं म्हणजे एका घरची वस्तू पुढच्या घरी न्यायची. श्रीवर्धनची रोठा सुपारी गुहागरला नेलीत तर आत्या हसतील, त्यांच्याकडेही सुपारीच्या बागा आहेत. पण वेंगुर्ल्याला तिचं कौतुक होईल. मालवणी खाजा शेवटच्या टप्प्यात घ्या. ओले काजूगर मिळाले तर त्याच दिवशी उसळ करायला सांगा, बंद गाडीत दुसऱ्या दिवशी ते चिकट होतात. वेंगुर्ल्याजवळच्या आरवली-आसोलीकडे सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे मिळाले तर आईंसाठी घ्या. फुलं याच दिवसांत असतात आणि वास गाडीत दोन दिवस राहतो.

डिकी निम्मी रिकामी घेऊन निघा, परतताना तिचं काय होतं ते प्रत्येक कोकण्याला माहीत आहे. आंबा मार्चमध्ये महाग आणि थोडा असतो. घ्यायचाच तर घरच्या बागेतला, तयार पण हिरवा घ्या. पेटी पेंढ्यासकट मागच्या सीटच्या पायापाशी सावलीत ठेवा, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत नव्हे. जास्त तापलेला हापूस वरून सुरेख दिसतो आणि आत साका, म्हणजे न पिकलेला पांढरट गर निघतो. आठव्या दिवशी सकाळी सहाला वेंगुर्ल्याहून निघा: सावंतवाडी, आंबोली, आजरा, मग निपाणीला महामार्ग. आंबोलीत बहुतेक धुकं नसेल, पण आईंना वळणं लागत असतील तर नाश्ता घाट चढून गेल्यावरच द्या.