आजोबांचा टू-डी एको आणि तिसरी नीट

प्रश्न : मुलीनं दोनदा नीट दिली, एमबीबीएसपुरते गुण पडले नाहीत. आजोबांच्या टू-डी एकोला (हृदयाची सोनोग्राफी) सोबत गेली, तेव्हापासून कार्डिॲक टेक्नॉलॉजीचं खूळ घेऊन बसलीय. स्टेथोस्कोप सोडून ही आयुष्यभर मशीनची बटणं दाबणार का? तिला समजवा.
– एक पालक, सातारा

उत्तर : समजवायचं कोणाला, ते पत्र वाचून माझं ठरलं. दोन पानांत मॉक टेस्टचे गुण तारीखवार आहेत, क्लासची फी आहे, चुलत पुतण्याची रँकसुद्धा आहे. मुलीबद्दल ओळ एकच : ‘पडद्यावर झडप बघून लब कुठला, डब कुठला विचारत बसली.’ अहो, अख्ख्या पत्रात कामाची तेवढीच! तिसऱ्यांदा बसवलंत तर ती बसेलही, तुमच्या धाकानं. पण ‘नातेवाइकांना काय सांगू’ हे दुखणं तुमचं आहे, त्यापायी तिचं वर्ष घालवू नका.

आता बटणांचं. हृदयाच्या ठोक्यातला लब होतो तो मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटताना, डब एओर्टिक आणि पल्मोनरी मिटताना. स्टेथोस्कोपनं आवाज ऐकू येतो. कुठली झडप कधी मिटली, कुठली पुरती उघडत नाही, हे एकोत दिसतं, खाली ईसीजीची रेघ धावत असते. मात्र आपोआप काही दिसत नाही. पेशंटला डाव्या कुशीवर वळवून, जेल लावून, बरगड्यांच्या फटीत प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारी दांडी, धरायचा. मनगट जरा कललं की झडप गायब. चित्रच धड आलं नाही तर मोठा डॉक्टर तरी त्यावरून काय सांगणार? आणि एकोची सुरुवात केली कोणी? 1953 साली स्वीडनमधल्या लुंडमध्ये इंगे एडलर या डॉक्टरनं आणि हेल्मुट हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञानं, ध्वनिलहरींनी धातूतले दोष शोधायचं यंत्र छातीवर लावून.

मुलीलाही दुसरी बाजू कळू दे. रिपोर्टवर सही हृदयरोगतज्ज्ञाचीच असते, बरेच डॉक्टर एको स्वतःच करतात, सुरुवातीचा पगार बेताचा. तरीही ठाम असेल तर कार्डिॲक टेक्नॉलॉजीतली बीपीएमटी (पॅरामेडिकलची पदवी) किंवा बीएस्सी. फक्त हात बसेल इतके पेशंट त्या कॉलेजात येतात का, ते आधी बघून या. हर्ट्झसारखं यंत्राच्या बाजूला जायचं असेल तर बायोमेडिकल इंजिनिअरिंग, त्यासाठी एमएचटी-सीईटी आणि गणित. तिला बारावीला गणित होतं का, तेही तुम्ही लिहिलेलं नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या.