पोरगं बोलेना म्हणून घरची मराठी बंद करू नका

प्रश्न: ताई, आम्ही मुलुंडला राहतो. मुलगा २२ महिन्यांचा आहे. घरी मराठी, सांभाळणाऱ्या मावशी हिंदी बोलतात, शेजारी गुजराती. मोजून आठच शब्द बोलतो. प्लेग्रुपच्या टीचर म्हणाल्या तीन भाषांमुळे कन्फ्युज होतोय, घरी फक्त इंग्लिश बोला. काय करू?

उत्तर: मराठी अजिबात बंद करू नका. दोन-तीन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल उशिरा बोलतं हा गैरसमज आहे. आणि शब्द मोजताना सगळ्या भाषांतले धरा. माझ्याकडे एक आई अशीच नऊ शब्दांची यादी घेऊन आली होती, आम्ही बोलतोय तोवर पोराने टेबलावरची बाटली बघून 'पानी' म्हटलं, चप्पल काढताना 'जूता', आणि निघताना हात हलवून चक्क 'आवजो'! आई म्हणते, अहो हे मी धरलंच नव्हतं, हे मराठी कुठेय! परत बसून मोजले तर २७ निघाले. भू-भू, मम्मं, भुर्र हे पण शब्दच, दरवेळी त्याच गोष्टीला म्हणत असेल तर धरायचे.

दुसरं असं की आपण सवय नसलेल्या इंग्लिशमध्ये बोलायला गेलो की 'कम हिअर', 'सिट डाऊन', 'डोन्ट टच' एवढंच उरतं. तेच मराठीत, "अगंबाई, केवढा पाऊस आला, आजीने छत्री कुठे ठेवली रे?" असं आपोआप तोंडातून येतं, आणि पोराला हेच हवं असतं. मुळात मूल भाषा किती लवकर पकडतं बघा. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्लिश घरातल्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले, तर ६-८ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता, १०-१२ महिन्यांपर्यंत तो बहुतेकांचा गेला, कारण घरी कोणी तसं बोलतच नव्हतं.

तरी २ वर्षांपर्यंत सगळ्या भाषा मिळून साधारण ५० शब्द आणि 'आई ये', 'पाणी दे' अशी जोडी आली नाही तर आधी कान तपासा. सर्दीने कानात पाणी साचलं तरी ऐकू कमी येतं. वांद्रे रेक्लमेशनला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे, नायर हॉस्पिटललाही तपासणी होते. आणि येणारे शब्द बंद झाले तर वयाची वाट बघू नका, लगेच दाखवा.

प्रश्न: मुलगी सव्वादोन वर्षांची. मोबाइलवर राइम्स लावल्याशिवाय जेवत नाही. एबीसीडी, रंग सगळं म्हणते पण पाणी हवं असलं की माझा हात धरून किचनमध्ये ओढते.

उत्तर: एबीसीडी म्हणणं हे पाठांतर झालं, 'पाणी दे' हे बोलणं. सिॲटलमध्ये पॅट्रिशिया कूल यांनी ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन म्हणजे चिनी भाषा ऐकवली होती (२००३ चा अभ्यास). समोर बसून खेळत, पुस्तकं दाखवत १२ वेळा ऐकवलं ती बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली, तेच टीव्हीवरून ऐकलेली काहीच शिकली नाहीत. स्क्रीन तुमच्या मुलीकडे बघून थांबत नाही, तुम्ही थांबता. म्हणून ती ओढते तेव्हा ग्लास हातात धरा, 'पाणी?' म्हणा आणि मनात पाचपर्यंत मोजा, ती नुसती 'पा' म्हणाली तरी लगेच द्या, रडवायचं मात्र नाही. जेवताना मोबाइल बंद, पहिले चार दिवस कमी जेवेल, चालेल. आणि हाक मारल्यावर बघते का, बोट करून वस्तू दाखवते का? नसेल तर डेव्हलपमेंटल पीडिॲट्रिशियनना, म्हणजे मुलांची वाढ-विकास बघणाऱ्या डॉक्टरांना, याच आठवड्यात दाखवा.

प्रश्न: मुलगा तीन वर्षांचा. 'मी केलं' नीट म्हणायचा, आता 'मी करलं' म्हणतो. सासूबाई म्हणतात बिघडला.

उत्तर: उलट पुढे गेलाय हो! आधी 'केलं' ऐकून म्हणत होता. आता धर-धरलं, भर-भरलं हा नियम त्याने स्वतः शोधलाय आणि 'कर'ला लावलाय. 'करलं' त्याला घरात कोणी शिकवलेलं नाही, ते त्याने डोक्याने बनवलंय, मला तर असं काही ऐकलं की फार आनंद होतो. रागावू नका, परत म्हणायलाही लावू नका. "हो का, तू केलंस? एकट्याने केलंस?" एवढं बोला, जाईल आपोआप.

प्रश्न: साडेतीन वर्षांची मुलगी 'राम'ला 'लाम' म्हणते. शाळेचा इंटरव्ह्यू आहे.

उत्तर: 'र' उशिरा येतो, पाच वर्षांपर्यंत थांबायला हरकत नाही. बाकीचं बोलणं परक्या माणसाला कळतं का ते बघा, कळत असेल तर इंटरव्ह्यूसाठी 'र' घोटून घेऊ नका.