कार्ड गोल्ड, पण विमान कुणाचं?

वाचकांचे प्रश्न : विमानप्रवास

प्रश्न : नमस्कार. वाळूज एमआयडीसीत माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं युनिट आहे, जर्मनीच्या पार्टीकडं सारखं जाणं-येणं असतंय म्हणून एका मोठ्या एअरलाइनचं गोल्ड कार्ड झालंय. ह्यावेळी येताना वेगळंच झालं. तिकीट त्यांच्याच साइटवरून काढलं, फ्लाइट नंबर त्यांचा, पैसे त्यांनी घेतले, पण जर्मनीतल्या छोट्या एअरपोर्टवरनं पहिल्या टप्प्याला विमान निघालं भलत्याच कंपनीचं. काउंटरवाली म्हणायली तुमचं कार्ड आमच्याकडं चालत नाही. लाउंज नाही, लाइन सगळ्यांचीच, आणि सँपलची जास्तीची बॅग जी एरवी कार्डावर फुकट जाते तिचे युरो भरायला लावले. आता विकणारे म्हणायलेत उडवणाऱ्यांना विचारा आणि उडवणारे म्हणायलेत विकणाऱ्यांना विचारा. मी धरू कुणाला?
– एक उद्योजक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दादा, तुमचा राग बरोबर आहे, पण तो योग्य माणसावर निघाला तरच पैसे परत यायची आशा, म्हणून आधी हे चालतं कसं ते सांगतो. ह्याला कोडशेअर म्हणतात, म्हणजे एका कंपनीनं दुसरीच्या विमानातल्या सीटा स्वतःचा नंबर लावून विकायच्या. आपल्याकडं ट्रॅव्हल्सचं होतं ना, तिकीट एकाच्या ऑफिसात काढलं आणि रात्री गाडी दुसऱ्याच मालकाची लागली, तसंच. नंबर विकणाऱ्याचा, पण विमान, काउंटर, गेट, स्टाफ सगळं उडवणाऱ्याचं. आणि गोल्डच्या सवलती द्यायच्या असतात त्या उडवणाऱ्याला, सगळी गोची इथंच होते.

जगात एअरलाइन्सचे तीन मोठे गट आहेत, स्टार अलायन्स (1997), वनवर्ल्ड (1999) आणि स्कायटीम (2000). गटातल्या एका कंपनीचं गोल्ड असलं की बाकीच्या मेंबर कंपन्या ते मानतात. स्टार अलायन्सच्या गोल्डवर लाउंज, वेगळं चेक-इन, आधी बोर्डिंग, आणि बॅगेला वजनाचा हिशोब असेल तर 20 किलो जास्त, नगाचा हिशोब असेल तर एक नग जास्त, असं मिळतं. पण त्या टप्प्याचं विमान मेंबर कंपनीनं उडवलेलं पाहिजे. कोडशेअर मात्र गटाबाहेरच्या कंपनीशीही होतं, दोन कंपन्यांनी आपसात करार केला की झालं, त्यात गोल्डचा विषय असेलच असं नाही. आपल्याकडचंच बघा, इंडिगो ह्या तिन्ही गटांत नाही तरी तिचे कोडशेअर बऱ्याच परदेशी कंपन्यांशी आहेत. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्समधे आहे पण एअर इंडिया एक्सप्रेस नाही, मालक टाटाच असले तरी. त्यामुळं नुसतं नाव ओळखीचं वाटलं म्हणून गृहीत धरू नका.

काउंटरवरच्या पोरीशी वाद घालून का उपयोग नसतो तेही सांगतो. लाउंजमधे बसलेल्या प्रत्येक माणसाचं बिल कुठल्यातरी कंपनीच्या नावावर पडतं, आणि ते बहुतेक करून ज्या कंपनीच्या विमानात तुम्ही चढणार तिच्यावर पडतं. जी कंपनी गटातच नाही तिच्याकडं तुमचं कार्ड कशात टाकायचं ह्याची सोयच नसते, तिच्या कॉम्प्युटरवर तुम्ही साधे प्रवासी दिसता. बोर्डिंग पास काढून बघा, स्टार अलायन्सचं गोल्ड असेल आणि सिस्टिमनं ते ओळखलं असेल तर नावाच्या आसपास एक चांदणी आणि इंग्रजी G छापलेलं येतं. ते नसलं तर पुढं गेटवर पण काही मिळत नाही.

आता माझं स्पष्ट मत. युरोपियन युनियनचा 2005 सालचा 2111 नंबरचा नियम आहे, तिथल्या एअरपोर्टवरनं निघणारं तिकीट विकताना विमान कोणती कंपनी उडवणार हे बुकिंगच्या वेळीच सांगावं लागतं. कंपन्या ते सांगतात, फ्लाइट नंबरच्या खाली बारीक राखाडी अक्षरात 'ऑपरेटेड बाय' म्हणून एक ओळ असते, मोबाइलवर तर ती कुठंतरी बोटानं दाबून उघडावी लागते. कायद्यापुरतं भागलं. पण तुम्ही लॉगिन करून तिकीट काढताय, वरच्या कोपऱ्यात तुमचं नाव आणि गोल्ड झळकतंय, म्हणजे साइटला तुमचं कार्डही माहीत आहे आणि हा टप्पा कोण उडवणार तेही माहीत आहे, मंग 'ह्या टप्प्यावर तुमच्या सवलती लागू नाहीत' एवढं एक वाक्य पैसे घ्यायच्या आधी दाखवायला काय अडचण आहे? हे न दाखवणं मला अन्यायाचं वाटतं, कारण माणूस वर्षानुवर्षं एकाच कंपनीला धरून राहतो, कधी जास्त पैसे मोजून राहतो, ते ह्याच सवलतींसाठी.

तुमच्या पैशाचं बोलू. तिकिटावर छापलेली बॅग आणि कार्डावरची बॅग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ई-तिकिटावर प्रत्येक टप्प्यासमोर एक नग, दोन नग किंवा 23 किलो असं लिहिलेलं असतं, तो तुमचा हक्क, तो उडवणाऱ्यालाही मानावाच लागतो. तिकिटावर दोन नग असताना दुसऱ्याचे पैसे घेतले असतील तर सरळ रिफंड मागा, इथं तुम्ही पक्के आहात. तिकिटावर एकच नग असेल आणि दुसरा कार्डाच्या जोरावर नेत असाल तर केस कमजोर आहे, पण संपलेली नाही. बुकिंगच्या कन्फर्मेशन मेलमधे किंवा ॲपच्या स्क्रीनवर ह्या प्रवासासाठी जास्तीची बॅग दाखवली होती का ते शोधा, असली तर तो लेखी शब्द झाला. (अमेरिकेच्या प्रवासाला तर नियमच आहे की सुरुवातीला बॅगेचे जे नियम लागू झाले तेच त्या तिकिटावर शेवटपर्यंत चालतात.)

धरायचं कुणाला, तर विकणाऱ्याला. कार्ड त्यांचं, साइट त्यांची, पैसे त्यांच्या खात्यात. फोनवर बसू नका, तिकीट नंबर, बोर्डिंग पास आणि बॅगेची पावती जोडून त्यांच्या लॉयल्टी डेस्कला, म्हणजे कार्ड सांभाळणाऱ्या खात्याला, लेखी पाठवा आणि युरोचा आकडा लिहून परत मागा. दाद नाही दिली तर विमान मंत्रालयाचं एअरसेवा पोर्टल आहे, ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. त्याच्या पुढं जिल्हा ग्राहक आयोग, 2019 च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे मुंबई-दिल्ली करायची गरज नाही, मुदत दोन वर्षं आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. फक्त एक बघा, तिकीट फर्मच्या नावानं धंद्यासाठी काढलं असेल तर समोरचा वकील व्यावसायिक हेतूचा मुद्दा हमखास काढतो, तेव्हा आधी इथल्या वकिलाशी बोलून घ्या.

प्रश्न : आमची आई पहिल्यांदाच ताईकडं कॅनडाला चाललीय, एकटी. जावयाचं गोल्ड कार्ड आहे, त्याच्यावर आईला लाउंज मिळेल का? देवगिरीनं सिकंदराबाद आणि तिथनं विमान असं ठरलंय, गुडघे दुखतात म्हणून व्हीलचेअरचं पण टेन्शन आहे. तिकिटावर दोन कंपन्यांची नावं दिसायलीत.
– एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, लाउंज नाही मिळणार. स्टार अलायन्सच्या गोल्डवर एक पाहुणा नेता येतो पण कार्डवाला स्वतः सोबत पाहिजे. कार्डाचा फोटो दाखवून कुणी आत सोडत नाही, उगं आईला तिथं अवघडल्यासारखं होईल.

व्हीलचेअरचं मात्र टेन्शन घेऊ नका, तिला कार्ड-बिर्ड काही लागत नाही, ती मागायचा आईला हक्क आहे. फक्त निघायच्या 48 तास आधी तरी कळवलेलं पाहिजे, आणि इथंच कोडशेअरमधे घोळ होतो. तिकीट विकणाऱ्याकडं नोंद असते पण ती उडवणाऱ्यापर्यंत पोचलेलीच नसते. म्हणून विकणाऱ्या कंपनीला फोन करून उडवणाऱ्या कंपनीचा पीएनआर मागून घ्या, तो बहुतेक वेळा वेगळा असतो, मग तो नंबर सांगून उडवणाऱ्या कंपनीकडं स्वतः खात्री करा, प्रत्येक टप्प्याची वेगळी. सीट पण त्याच पीएनआरवर बघा, आयल सीट दिसतेय का. हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत आणि इंग्रजीत लिहून आईच्या पर्समधे ठेवा, आणि एअरपोर्टवर उडवणाऱ्या कंपनीच्याच काउंटरला जायचं हे तिला दोनदा सांगा.

प्रश्न : कोडशेअरनं जाऊन आलो, पॉइंट्स जमाच झाले नाहीत. काय करू?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : आधी बोर्डिंग पासवर तुमचा मेंबरशिप नंबर छापलाय का बघा, नसेल तर तो वाटेतच गळालाय. तुमचं कार्ड ज्या एअरलाइनच्या पॉइंट्स प्रोग्रामचं आहे त्याच्या साइटवर राहिलेल्या पॉइंट्सचा क्लेम टाकायची सोय असते, तिथं 13 आकडी तिकीट नंबर लागतो, पीएनआर नाही. तिकिटाचं बुकिंग क्लासचं एक अक्षर असतं तेही बघून ठेवा, स्वस्तातल्या काही अक्षरांवर पार्टनरच्या विमानात पॉइंट्स मिळतच नाहीत आणि ते प्रोग्रामच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. क्लेमची मुदत प्रत्येकाची वेगळी, तेव्हा आजच टाका, आणि पॉइंट्स खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका.