ठाण्यात वन बीएचके, ऑगस्टमध्ये बाळ येणार. आधी काय काय घेऊन ठेवावं?

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं. घोडबंदर रोडला वन बीएचके, तारीख ऑगस्टमधली, ॲपनं दिलेली 46 वस्तूंची यादी, आणि सासूबाईंचं म्हणणं की बाळ हातात येईपर्यंत घरात काही आणायचं नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे अगदी हेच चाललं होतं. फक्त आम्ही वर्तकनगरला, आणि महिना जुलै.

पहिल्या सव्वा महिन्याला लागेल तेवढंच घ्या. बाकीचं बाळ आल्यावर, त्याच्याकडे आणि घराकडे बघून. ठाण्यात काय, दुकान खाली उतरलं की आहेच.

तुमच्या ॲपच्या यादीत एक गोष्ट नक्की नसणार. वाळवण. पापडांचं नाही, लंगोटांचं. आमच्या घरी ते खातं माझ्याकडे होतं, म्हणून अधिकारवाणीनं सांगतो. आम्ही हौसेनं एक डझन लंगोट घेतले होते. बाळानं ते पहिल्याच दिवशी संध्याकाळपर्यंत संपवले. दिवसाला दहा-बारा धरा. पावसात एक लंगोट नीट वाळायला दीड-दोन दिवस. म्हणजे तीन डझन तरी हवेत, तेही रात्री डायपर वापरणार असाल तर. बाल्कनीत घातलेले तर तिसऱ्या दिवशीही दमट, आणि त्यांना तो कुबट वास. शेवटी मी हॉलमध्ये छताला दोरीनं वर-खाली होणारा हँगर लावून घेतला, त्याखाली टेबलफॅन ठेवला आणि रात्री बारा वाजता अर्धवट ओले लंगोट इस्त्रीनं वाळवत बसायचो. तर पहिली खरेदी तो हँगर. हा बाळासाठी नाही, घरासाठी आहे, म्हणजे सासूबाईंचीही हरकत नसावी.

लंगोटही तयार घेऊ नका. स्टेशनजवळच्या बाजारातून मलमल मीटरवर आणलं आणि आईनं दोन दुपारी बसून शिवलं. तयारच्या निम्म्याहूनही कमी पैशांत पडलं. झबली सहा-सात पुरतात, पुढे बांधायच्या नाड्यांची. डोक्यातून घालायचे कपडे पहिल्या महिन्यात नकोतच, ती मान हातात धरून बाही चढवताना आपल्यालाच घाम फुटतो. जुन्या सुती साडीची चार-पाच दुपटी. घरातल्या बायका म्हणतात ना, पहिलं झबलं कुणाचं तरी वापरलेलं घालावं, ते मला पटलं. वीस वेळा धुतलेल्या सुताइतकं मऊ नवीन काही मिळत नाही. बाळंतविड्यात एवढे कपडे येतात की अर्धे घडी न मोडताच लहान होतात.

न्यूबॉर्न मापाच्या डायपरचं एकच छोटं पाकीट घ्या. माप झपाट्यानं बदलतं. स्वस्त म्हणून आणलेला मोठा पॅक आम्ही वाटून टाकला.

दुधाच्या बाटल्या, स्टरिलायझर, वॉर्मर यातलं आत्ता काही नको. बाटल्यांची आणि बाळाच्या दूधपावडरची जाहिरात करायला आपल्याकडे 1992 च्या कायद्यानं बंदी आहे, ती उगाच नाही. पहिले सहा महिने आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. वरचं दूध लागलंच तर डॉक्टर सांगतील, आणि तेव्हा वाटी-चमचा किंवा आजीचं बोंडलं (बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं) उकळून घेतलं की झालं. ब्रेस्ट पंप आम्ही घेतला, पण पाचव्या महिन्यात, बायकोची 26 आठवड्यांची रजा संपत आली तेव्हा. आधी घेतला असता तर धूळ खात पडला असता.

मोहरीची उशी तुमच्याकडेही येणार. डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं: बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी नाही, भोवती लोड-खेळणी नाहीत. आई दोन दिवस बोलली नाही, मग तीच उशी स्वतःच्या मानेखाली घ्यायला लागली. पाळणा शेजारच्यांकडून मागून आणा, तो ठाण्यात घरोघर फिरतच असतो. मच्छरदाणी मात्र स्वतःची घ्या, छत्रीसारखी उघडणारी. पातलीपाडा-कासारवडवलीकडे डोंगर जवळ, डासांचं काही विचारू नका.

डिजिटल थर्मामीटर 200-300 रुपयांत येतो, तो हवाच. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा वर ताप दिसला तर घरातलं औषध नाही, सकाळची वाट बघणं नाही, तडक डॉक्टर.

गाडी असेल तर पैसे कार सीटवर घाला. मागे तोंड असलेली, मागच्या सीटवर, एअरबॅगसमोर कधीच नाही. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बाळाच्या सीटशिवाय दिसलं तर 1,000 रुपये दंड आहे. आम्ही दवाखान्यातून बाळाला मांडीवर घेऊन घरी आलो. पूर्ण रस्ताभर मी ड्रायव्हरला ‘दादा हळू’ म्हणत होतो, त्याचा आता अभिमान वगैरे नाही.

वॉकर कुणी भेट दिला तरी घेऊ नका. कॅनडात 2004 पासून त्याची विक्रीच बंद आहे, जुना विकायलाही परवानगी नाही. मुलं त्यानं लवकर चालत नाहीत, पडतात मात्र लवकर.

सासूबाईंचं म्हणाल तर वाद घालू नका. आम्ही सामान मेहुण्याच्या घरी कळव्याला ठेवलं, बाळ झाल्याचा फोन गेला तसा तो पिशव्या घेऊन निघाला. शास्त्रही राहिलं, लंगोटही आले.

आणि प्रॅम. आम्ही नऊ हजारांची घेतली होती. सोसायटीच्या गेटबाहेर पडलो की पेव्हर ब्लॉक उखडलेले, पुढे फुटपाथवर पार्क केलेल्या बाईक, त्यापुढे केबलचा खड्डा. तीन वेळा बाहेर नेली, तिन्ही वेळा बाळ माझ्या खांद्यावर आणि प्रॅममध्ये भाजी. अजून दारामागे उभी आहे. हवी असेल तर घेऊन जा, फक्त आमच्या चौथ्या मजल्यावरून उतरवायची तुम्ही, लिफ्टमध्ये ती आडवी बसत नाही.