हँड म्हणजे हस्त नव्हे, आणि हँडिकॅप म्हणजे भीक नव्हे

तुमचे प्रश्न तीन. इंग्रजीतल्या 'हँड'चे एकूण अर्थ नि वाक्प्रचार किती, हा शब्द आपल्या 'हस्त'वरूनच गेलाय ना, आणि 'हँडिकॅप' म्हणजे हातात टोपी घेऊन भीक मागणारा हे खरं का. पहिल्यासाठी डिक्शनरी आहे, ती उघडा. दुसरं आणि तिसरं मात्र इतक्या लोकांकडून इतक्या ठामपणे ऐकलंय की कान किटलेत, त्यामुळे तिकडेच वळतो.

तरी पहिल्याचं थोडक्यात. घड्याळाचा काटा, खलाशी, मजूर, अक्षर, टाळ्या, मदत, बाजू हे सगळे अर्थ कुणालाही माहीत असतात, सोडून देतो. पत्त्यांचं तेवढं बघा, कारण तिथे मराठी माणूस हमखास घसरतो. आपण 'किती हात झाले?' म्हणतो तेव्हा हात म्हणजे जिंकलेला डाव, चार जणांनी एकेक पान टाकलं आणि ज्याचं भारी त्याने उचललं तो. इंग्रजीत त्याला ट्रिक म्हणतात, 'हँड' म्हणजे वाटल्यावर तुमच्या वाट्याला आलेली सगळी पानं. तेव्हा 'आय हॅव अ गुड हँड' म्हणणाऱ्याने अजून काहीही जिंकलेलं नसतं.

आणि घोडा. घोड्याची उंची 'हँड'मध्ये मोजतात, एक हँड म्हणजे 4 इंच, तळव्याची आडवी रुंदी अंगठ्यासकट. पायापासून, आयाळ जिथे संपते त्या खांद्याच्या उंचवट्यापर्यंत मोजायचं, डोकं धरायचं नाही. गंमत अशी की 15.2 हँड लिहिलं असेल तर तो दशांश नसतो, 15 हँड आणि वर 2 इंच, म्हणजे 62 इंच. 15.3 नंतर थेट 16 येतो, 15.4 असं काही नसतंच. भाषांतरात याचं 'साडेपंधरा हात उंच घोडा' झालेलं वाचलंय मी. साडेपंधरा हात! हत्तीसुद्धा एवढा नसतो.

आता हस्त. लोकांचं म्हणणं असं की दोन्ही शब्द 'ह'ने सुरू होतात, दोन्हींचा अर्थ हात, मग आणखी पुरावा काय पाहिजे? पाहिजे. कारण नेमका तो सारखा 'ह'च सांगतोय की हे नातलग नाहीत. याकोब ग्रिमने (हो, तोच परीकथावाला, दोन भावांतला थोरला) 1822 मध्ये जे ध्वनिनियम नीट मांडले त्यांचा सारांश असा की इंग्रजी आणि तिच्या जर्मानिक बहिणींची (जर्मन, डच वगैरे) व्यंजनं, संस्कृत, ग्रीक, लॅटिन या सगळ्या इंडो-युरोपीय भाषा जिच्यातून निघाल्या त्या मूळ भाषेपासून ठरावीक पद्धतीने सरकलेली आहेत. त्यामुळे इंग्रजीत जिथे 'ह' असतो तिथे संस्कृतात सहसा 'श' किंवा 'क' सापडतो. शत आणि हंड्रेड. श्वान आणि हाउंड. शृंग आणि हॉर्न. उलट संस्कृतात जिथे 'ह' असतो तिथे इंग्रजीत 'ग' निघतो, हंस आणि गूस हे घ्या. 'काल' या अर्थाचा संस्कृत 'ह्यः' घ्या, जर्मन गेस्टर्न, आणि इंग्रजीत त्या गचा पुढे य होऊन येस्टरडे. म्हणजे हस्तचा सख्खा भाऊ इंग्रजीत असता तर तो 'ग'ने सुरू झाला असता. हँडचा भाऊ संस्कृतात असता तर 'श' नाहीतर 'क'ने. दोघं समोरासमोर उभे राहून सारखे दिसतात हाच त्यांच्या नात्याविरुद्धचा पुरावा आहे, आणि हे एकदा समजलं की 'ऐकायला सेम लागतं म्हणून सेम' या जातीच्या निम्म्या व्युत्पत्ती आपोआप गळून पडतात.

इथे एक हुशार माणूस हमखास हात वर करतो आणि म्हणतो, मग हार्ट आणि हृदय? तिथे तर दोन्हीकडे ह आहे आणि ते नातं तर सगळे मान्य करतात! बरोबर आहे, करतात. पण लॅटिनमध्ये 'कोर्द', ग्रीकमध्ये 'कार्दिया', म्हणजे मूळ ध्वनी क-कडचा, इंग्रजीचा ह नियमाला धरूनच आहे. वाकडं गेलंय ते संस्कृत आणि इराणी शाखेचं, तिकडे या एका शब्दाचा पहिला ध्वनी बदलला. नियमाप्रमाणे संस्कृतात 'श्रद्' यायला हवा होता आणि तो आलेलाही आहे, 'श्रद्धा' या शब्दात बसलाय. श्रद्-धा, म्हणजे हृदय ठेवणे. लॅटिनचा 'क्रेडो' (मी विश्वास ठेवतो), ज्याच्या घरातून क्रेडिट आलं, तोही अक्षरशः हाच जोडशब्द. तेव्हा हार्टचा सख्खा भाऊ श्रद्धेत आहे आणि बँकेच्या क्रेडिटमध्येही. हुशार माणूस इथे सहसा गप्प बसतो.

मग हस्तचा खरा नातलग इंग्रजीत कुठे गेला? यासाठीच तर मी हे सगळं लिहितोय. तो 'सर्जन'मध्ये आहे.

ग्रीकमध्ये हाताला 'खेइर' म्हणतात. संस्कृत ह समोर ग्रीक ख हे अगदी नियमातलं, हिमला ग्रीकमध्ये 'खेइमा' म्हणजे हिवाळा. हस्तमधला स ग्रीकमध्ये र-च्या शेजारी पडून गेला आणि त्याच्या जागी स्वर लांबला, म्हणून खेइर. त्याला 'एर्गॉन' म्हणजे काम जोडलं की 'खेइरुर्गोस', हाताने काम करणारा. लॅटिनने तो 'खिरुर्गुस' करून घेतला, फ्रेंचांनी चावून चावून 'सुर्जिएँ'च्या जवळ आणला, आणि इंग्रजीत झाला सर्जन. वर कडी म्हणजे एर्गॉन आणि इंग्रजीचा 'वर्क' हेही एकाच मुळाचे. म्हणजे 'सर्जन' या शब्दाचं पोट फाडून पाहिलं तर आत हस्त आणि वर्क एकमेकांना चिकटून बसलेत, आणि आपण बाहेर 'हँड'ला धरून ओढतोय!

अर्थही चपखल बसतो. फिजिशियन हा पुस्तकं वाचून औषध सांगणारा पंडित आणि सर्जन हा हाताने कापाकापी करणारा कारागीर, अशी युरोपात सरळ वर्गवारी होती. लंडनमध्ये 1540 पासून 1745 पर्यंत सर्जन आणि न्हावी एकाच संघटनेत होते, कायद्याने. ब्रिटनमध्ये आजही बरेच सर्जन स्वतःला डॉक्टर न म्हणवता 'मिस्टर' म्हणवतात, ती त्याच जुन्या भेदाची शेपूट. हेच खेइर वटवाघळांच्या शास्त्रीय नावातही आहे, कायरॉप्टेरा, म्हणजे ज्यांचा हातच पंख झालाय असे. आपल्याकडे हस्तावरून 'हस्ती' झाला, हात असलेला प्राणी, सोंडेला हात समजून. एकाच मुळाचा हात ग्रीकांनी वटवाघळाला दिला, आपण हत्तीला.

बरं, मग हँड आला कुठून? कोश सांगतात 'मूळ अनिश्चित' आणि पुढे सरकतात. मला हा भित्रेपणा पटत नाही. गॉथिक या इंग्रजीच्या जुन्या, आता मेलेल्या बहिणीत हाताला 'हांडुस' आहे आणि त्याच भाषेत 'पकडून कैद करणे' अशा अर्थाचं एक क्रियापद आहे ज्यात 'हिन्थ' हा धातू दिसतो. हँड म्हणजे पकडणारा. यावर मोठमोठे कोशकार नाक मुरडतात, म्हणतात अर्थाचा सांधा पटण्यासारखा नाही. का नाही? हाताला कामावरून नाव देणं ही जगातली सगळ्यात साधी गोष्ट आहे. संस्कृतात 'कर' आहे, कृ धातूवरून, करणारा. लिथुएनियन भाषेत हात म्हणजे 'रान्का' आणि 'रिंक्ती' म्हणजे गोळा करणे, रशियन 'रुका' त्याच घरातला. एक करतो, एक गोळा करतो, मग तिसऱ्याने पकडलं तर काय बिघडलं? इंडो-युरोपीय भाषांना पायासाठी एक जुना सामाईक शब्द नीट टिकवता आला, पद, फूट, लॅटिन पेद, बहुतेक ठिकाणी तोच, पण हातासाठी हस्त, मानुस, रुका, हँड असे वेगवेगळे. माझं मत असं की हाताचं नाव लोक परत परत कामावरून नव्याने पाडत गेले आणि जुनं मागे पडलं. कोशकारांना सिद्ध झाल्याशिवाय छापायचं नसतं हे समजू शकतो, पण मग निदान नाक तरी मुरडू नका.

लॅटिन 'मानुस'चं गोत्र लावत बसलो तर आठवडा जाईल. मॅन्युअल, मॅन्युस्क्रिप्ट सगळ्यांना दिसतात. पण 'मनूव्हर' म्हणजे डावपेच आणि 'मॅन्युअर' म्हणजे शेणखत हे एकच शब्द आहेत हे किती जणांना माहितेय? दोन्ही 'हाताने काम करणे' या एका लॅटिन जोडीतून फ्रेंचमार्गे आले. एक सैन्यात गेला, दुसऱ्याचा अर्थ आधी शेत कसणे, मग शेतात घालायचं खत.

आता हँडिकॅप. फिरणारी गोष्ट अशी की इंग्लंडच्या सातव्या हेन्री राजाने युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना भीक मागायची परवानगी दिली, ते हातात टोपी घेऊन उभे राहत, म्हणून हँडिकॅप. रडवेली, नीटनेटकी आणि साफ खोटी. मूळ शब्द हँड-इन-कॅप. टोपी आहे, पण हात टोपीत आहे, टोपी हातात नाही! हा सतराव्या शतकातला अदलाबदलीचा जुगार होता. समजा मला तुमचं घड्याळ पाहिजे आणि मी बदल्यात माझा कोट देतोय. तिसरा माणूस पंच, तो ठरवणार की कोट स्वस्त आहे तेव्हा वर अमुक पैसे द्या. तिघांनीही थोडे थोडे पैसे टोपीत टाकायचे. मग आपण दोघांनी टोपीत हात घालायचे आणि एकदम बाहेर काढायचे, मुठीत नाणं असेल तर सौदा मंजूर, मूठ रिकामी तर नामंजूर. दोघांचं उत्तर सारखं आलं, दोघेही हो किंवा दोघेही नाही, तर टोपीतले पैसे पंचाचे. एकच हो म्हणाला तर पैसे त्याचे. बघा किती धूर्त रचना, पंचाचा फायदा सौदा अगदी समतोल ठरवण्यातच. लंडनचा प्रसिद्ध डायरीकार सॅम्युएल पेपिस याने 1660 च्या सप्टेंबरात डायरीत लिहिलंय की हा खेळ आपल्याला आधी माहीत नव्हता आणि फार मजा आली. भीक मागणाऱ्या सैनिकांबद्दल त्यात चकार शब्द नाही.

पुढे अठराव्या शतकात हे घोड्यांच्या शर्यतीत गेलं. शर्यत समान व्हावी म्हणून पंच ठरवायचा कुठल्या घोड्यावर किती जादा वजन लादायचं. कुणावर? चांगल्या घोड्यावर! हँडिकॅप आधी बलवानाला मिळायचा, दुबळ्याला नाही. 'अडथळा, ओझं' हा अर्थ तिथून सुटा झाला आणि शारीरिक अपंगत्वासाठी तो वापरणं हे थेट विसाव्या शतकातलं काम. म्हणून गोल्फ खेळणारा 'माझा हँडिकॅप 12' म्हणतो तेव्हा तो दुखणं सांगत नसतो, खेळ समान व्हावा म्हणून मिळणारी फटक्यांची सवलत सांगत असतो. आणि कृपा करून 'तो हँडिकॅप आहे' म्हणणं बंद करा. माणूस हँडिकॅप नसतो, घोड्यावरचं वजन हँडिकॅप असतं. शिवाय माणसांसाठी हा शब्द इंग्रजीतही आता बरेच जण टाळतात, मग आपण अर्धवट तोडून कशाला वापरायचा?

शर्यतीचा विषय निघालाच आहे तर 'हँड्स डाऊन'ही तिथलाच. जॉकी इतका पुढे असतो की शेवटी लगाम सैल सोडून हात खाली टाकतो तरी जिंकतो. सहज जिंकणे. परवा एका मॅचच्या गप्पांत कुणीतरी हे 'शरण आले' या अर्थाने ठोकून दिलं, बहुतेक हँड्स अपचं उलटं समजून.

वाक्प्रचार म्हणालात म्हणून जिथे पाय घसरतो तेवढे सांगतो. 'आऊट ऑफ हँड' दोन. परिस्थिती आऊट ऑफ हँड गेली म्हणजे हाताबाहेर गेली, पण अर्ज आऊट ऑफ हँड फेटाळला म्हणजे विचारही न करता तडकाफडकी. 'शी इज अ हँडफुल' म्हणजे मूठभर नव्हे, आवरायला कठीण. 'ऑफहँड' म्हणजे तयारीशिवाय, हे आपल्याला येतं, पण 'ही वॉज ऑफहँड विथ मी' म्हणजे माझ्याशी तुटकपणे वागला. 'हँड टू हँड' आपण रोख, हातोहात या अर्थाने वापरतो, 'पैसे हँड टू हँड दिले', इंग्रजी माणसाला त्यात मारामारी ऐकू येते. आणि 'स्लाइट ऑफ हँड' लिहिताना स्पेलिंग बघा, तो थोडासा या अर्थाचा स्लाइट नाही, धूर्त या अर्थाच्या 'स्लाय'चा भाऊबंद आहे, त्यात एक जादा ई असतो. 'हँडसम' मुळात हाताळायला सोपा, मग सोयीचा, मग भरपूर, मग देखणा आणि शेवटी उदार. 'अ हँडसम अमाउंट'मधली रक्कम देखणी नाही, भरघोस आहे.