‘बसा की’, ‘घ्या की’ : हा ‘की’ कशाचा?

बदलीमुळे अकोल्याहून सांगलीला आलेल्या एका बाईंनी विचारले आहे की, गणपती पेठेतल्या दुकानात ‘बोला की’ आणि शेजाऱ्यांकडे ‘बसा की’, ‘चहा घ्या की’ असे सतत कानावर पडते; त्यांना त्यात घाई, क्वचित दटावणीही जाणवते. हे बोलणे सभ्य मानावे का?

निःशंकपणे मानावे. इतकेच नव्हे, तर सातारा-सांगलीकडच्या सौजन्याचा मोठा भार हा एकाक्षरी शब्द वाहतो, असे माझे मत आहे.

‘तो म्हणाला की’ किंवा ‘चहा की कॉफी’ यांतला ‘की’ येथे नाही. ‘आहे की’, ‘येतो की’ या उत्तरांत ‘यात शंका कसली?’ असा भाव असतो आणि आज्ञार्थाला लागलेला ‘की’ त्याच्या सर्वांत जवळचा आहे. ‘बसा की’ म्हणणारा असे सुचवतो की, तुम्ही बसणार हे ठरलेलेच आहे, त्यासाठी कोणी सांगायची वाट पाहायला नको. त्यामुळे क्रियापद आज्ञेचे असले तरी आज्ञेचा अधिकार त्यातून निघून जातो. आपल्याकडे विदर्भात ‘बसा ना जी’ मधले ‘ना’ आणि ‘जी’ जे काम करतात, ते येथे ‘की’ करतो.

मात्र आदर आणि आपुलकी या दोन गोष्टी येथे वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. आदर क्रियापदाच्या अनेकवचनात असतो, आपुलकी ‘की’मध्ये. वडीलधाऱ्या माणसाला ‘बस की’ म्हटले तर कितीही गोड ‘की’ त्या बोलण्याला वाचवू शकत नाही. उलट ‘आपण बसावे’ यात आदर पुरेपूर असूनही अंतर राहते. दोन्ही हवे असेल तेव्हा ‘बसा की ओ’ म्हणतात, आणि बरोबरीच्या किंवा धाकट्या माणसासाठी तेच ‘बस की रे’, ‘बस की गं’ होते. (याच संदर्भात आणखी एक गैरसमज टाळावा. गावाकडे ‘पाव्हणं आलं’, ‘तात्या आलं’ असे ऐकू येते. ते नपुंसकलिंगी एकवचन नसून ‘पाहुणे आले’, ‘तात्या आले’ यांचेच बोलीतले आदरार्थी रूप आहे.)

तरीही प्रश्नकर्त्या बाईंना जाणवलेली दटावणी अगदीच निराधार नाही. सांगितलेली गोष्ट कोणाच्या सोयीची आहे, यावर ‘की’चा अर्थ फिरतो. ‘जेवा की’ मध्ये सोय ऐकणाऱ्याची असते, म्हणून तो आग्रह होतो. ‘साहेब, तेवढी सही करा की’ मध्ये सोय बोलणाऱ्याची असते, म्हणून ती विनवणी होते. पण एसटीच्या गर्दीत ‘पुढं सरका की!’ असे म्हटले जाते तेव्हा ऐकणारा इतरांच्या वाटेत उभा असतो, आणि तेथे ‘यात शंका कसली?’ हाच मूळ भाव ‘एवढेही कळत नाही का?’ असा कडक होतो. आग्रहाचा ‘की’ लांबवून आणि उतरत्या सुरात येतो, वैतागाचा आखूड आणि चढ्या सुरात. दुकानदाराचा ‘बोला की’ बहुधा पहिल्या प्रकारचा असतो : काय हवे ते संकोच न करता सांगा.

ही लकब एका जिल्ह्यापुरती नाही. सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने साताऱ्यातून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. कराड आणि वाळवा या तालुक्यांमधली जिल्ह्याची हद्द बोलण्यात शोधू गेल्यास सापडत नाही. कोल्हापूरकडेही हा ‘की’ तितकाच रुळलेला आहे.

राहिला प्रश्न उत्तर कसे द्यावे याचा. ‘चहा घ्या की’ याला नुसते ‘नको’ म्हणून थांबल्यास ते येथे तुटक वाटते. घ्यायचा असेल तर ‘घेऊ की’ म्हणावे. नको असेल तर कारण सांगून तोच ‘की’ परत करावा : ‘आत्ताच झालाय की.’ त्यावर यजमान ‘अर्धा तरी घ्या की’ म्हणतील, आणि दुसऱ्यांदा दिलेला नकार मात्र कोणी मनाला लावून घेत नाही.